लेक ठाण्याची झाली. तिच्या बलांगीरचे काय करायचे?

वाचकाचे पत्र

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. सव्वा वर्षापूर्वी आम्ही साडेसहा वर्षांची मुलगी दत्तक घेतली. ती ओडिशातल्या बलांगीर जिल्ह्यातली आहे. साडेचार वर्षांची होईपर्यंत ती तिच्या आजीजवळ वाढली आणि पुढची दोन वर्षे तिथल्या एका संस्थेत होती, एवढेच आम्हाला कागदपत्रांवरून कळले. आज ती अस्खलित मराठी बोलते आणि शाळेत रुळली आहे. मात्र एका दुपारी तिने उरलेल्या भातात पाणी, मीठ आणि कच्चा कांदा घालून घेतला आणि ओट्याजवळ खाली बसून ती जेवू लागली. माझ्या सासूबाई, ज्या मूळच्या रत्नागिरीकडच्या आहेत, सहज म्हणाल्या, "असलं आपल्या घरात खात नाहीत गं." तिने वाटी उचलून मोरीत ठेवली आणि पुन्हा कधी तसा भात घेतला नाही. तेव्हापासून मला रुखरुख लागली आहे. मी तिला ओडिया बालगीतांचे व्हिडिओ लावून दिले, तर तिने टीव्हीच बंद केला. आता तिला ओडिसी नृत्याच्या क्लासला घालावे आणि मे महिन्याच्या सुट्टीत बलांगीरला घेऊन जावे, असे मी ठरवते आहे. यजमान म्हणतात, मागचे उकरू नकोस. सासूबाईंना भीती वाटते की एक दिवस ती तिकडेच निघून जाईल. काही नातेवाईक तिची जात विचारतात, ते वेगळेच. मी काय करावे?

— एक आई, ठाणे

(पत्र संक्षिप्त केले असून मुलीची दोन्ही नावे वगळली आहेत.)

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मूळ पत्रात क्लास, व्हिडिओ आणि सहल यांच्याविषयी पानभर मजकूर आहे आणि भाताच्या वाटीविषयी चारच ओळी आहेत. माझ्या मते तुमच्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर त्या चार ओळींत दडलेले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुमच्या लेकीने त्या दुपारी जे कालवून घेतले, त्याला ओडिशात पखाळ म्हणतात. तिच्या तोंडी उच्चार थोडा वेगळा असेल. शिजलेला भात पाण्यात घालून ठेवायचा, रात्रभर राहिला तर तो किंचित आंबतो, आणि मग मीठ, कांदा, हिरवी मिरची, कधी दही, कधी भाजलेले वांगे किंवा परतलेली पालेभाजी यांच्यासोबत तो खायचा. उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या माणसापासून शहरातल्या नोकरदारापर्यंत सगळे तो आवडीने खातात, पुरीच्या जगन्नाथाच्या नैवेद्यातही त्याला स्थान आहे, आणि २० मार्च हा दिवस ओडिया मंडळी जिथे असतील तिथे पखाळ दिवस म्हणून साजरा करतात. तेव्हा सासूबाईंना जो शिळा भात वाटला, तो तुमच्या मुलीने कुणी न सांगता, कुणाची मदत न घेता केलेला तिच्या घरचा पदार्थ होता. तुम्ही लावलेल्या व्हिडिओच्या कितीतरी आधी तिने स्वतःहून तिचे गाव तुमच्या स्वयंपाकघरात आणून पाहिले आणि 'आपल्या घरात' ते चालत नाही, असे तिला कळले. सासूबाईंचा हेतू वाईट नव्हता हे मला मान्य आहे, पण नव्या घरात आपले स्थान काय याचा सतत अंदाज घेणाऱ्या मुलीच्या कानांना 'आपल्या घरात' हे शब्द बाकी सगळ्यापेक्षा मोठ्याने ऐकू येतात.

हे सावरणे अवघड नाही, आणि त्यासाठी कुणी माफीनामा द्यावा असेही नाही. ऑक्टोबरच्या किंवा मार्चच्या एखाद्या तापलेल्या दुपारी तुम्ही स्वतः भात पाण्यात घाला, तिच्याजवळ बसा आणि मीठ किती, कांदा कधी, मिरची चुरडायची की नुसती तोंडी लावायची, हे तिला विचारा. कोकणात सकाळच्या पेजेवर वाढलेल्या सासूबाईंना पातळ, पाणीदार भाताचे वावडे असण्याचे काही कारण नाही. त्या पेजेसोबत काय तोंडी लावत असत, हे त्यांनी नातीला सांगावे आणि नातीने त्यांना आपले सांगावे. 'किती छान, अगदी ओडिशासारखं!' अशी तोंड भरून स्तुती मात्र टाळा, कारण त्यामुळे ती पुन्हा पाहुणी ठरते. घरातल्या चार पदार्थांसारखा तोही एक पदार्थ झाला, कधी केला, कधी नाही केला, इतपत तो साधा व्हायला हवा.

आता तुमच्या योजनेकडे वळते. तुम्ही मनापासून धडपडत आहात हे दिसते, पण ओडिशा म्हटल्यावर आपल्याला बाहेरून जे दिसते, म्हणजे पुरीची रथयात्रा, कोणार्कचे मंदिर आणि ओडिसी नृत्य, तेच तुम्ही तिच्यासाठी निवडले आहे. हे सारे किनारपट्टीकडचे, आणि ओडिसीसारखे नृत्य तर गुरूकडे बसून शिकण्याचे शास्त्र आहे. बलांगीर हा पश्चिम ओडिशातला जिल्हा असून तिथली बोली संबलपुरी किंवा कोसली म्हणून ओळखली जाते, तिथला मोठा सण वेगळा आहे आणि तिथले नाचही वेगळे आहेत. चंद्रपूरच्या खेड्यात वाढलेल्या मुलीला परमुलखात 'तुझी मराठी संस्कृती' म्हणून सिंधुदुर्गातला दशावतार दाखवण्यासारखे ते होईल. तिला तो आवडेलही, पण तो तिच्या आठवणीतला असणार नाही. ओडिसीचा क्लास तिला हवासा वाटला तर तिने तो जरूर करावा, भरतनाट्यमचा किंवा कबड्डीचा करावा तसाच, पण त्याच्यावर 'मुळांशी नाते' अशी पाटी लावू नका.

व्हिडिओंच्या बाबतीतही हेच झाले असण्याची शक्यता आहे. इंटरनेटवर मिळणारी बहुतेक ओडिया बालगीते प्रमाण ओडियात, म्हणजे कटक-पुरीकडच्या भाषेत असतात. बलांगीरच्या आजीजवळ वाढलेल्या मुलीला ती समजत असतील, पण घरची वाटली नसतील. शिवाय त्या जिल्ह्यात गोंड, कंध अशा आदिवासी समाजांची वस्तीही आहे, त्यामुळे तिच्या आजीच्या घरात नेमके काय बोलले जाई, हे आपण दोघींनी इथे बसून ठरवू नये. ते विचारून घ्यायला हवे, आणि विचारण्याची वेळ आत्ताच आहे.

पत्रातला हिशेब पाहता मुलीचा ताबा मिळून सव्वा वर्ष झाले आहे. दत्तकविषयक नियमावलीनुसार ताबा मिळाल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, मूल आणि कुटुंब यांचा पाठपुरावा अहवाल तयार करावा लागतो. बहुतेक पालक ही भेट म्हणजे तपासणी समजून घर आवरून ठेवतात, चहा-पोहे करतात आणि भेट आटोपली की सुटकेचा निःश्वास टाकतात. तुम्ही मात्र तिचा उलटा उपयोग करून घ्या. अहवालासाठी येणाऱ्या समाजसेविका ठाणे जिल्ह्यातल्या असल्या, तरी त्यांच्यामार्फत आणि थेट लेखी विनंती करून बलांगीरच्या संस्थेकडे माहिती मागता येते. आजीच्या घरातली बोली कोणती होती, संस्थेत तिला कोण भरवत असे आणि कोण झोपवत असे, झोपताना ती काय म्हणायची, कोणते गाणे किंवा खेळ तिच्या आवडीचे होते, कोणत्या पदार्थाला ती हट्ट करायची, ती संस्थेत आली तेव्हा तिच्या अंगावर काय होते आणि ते कपडे अजून ठेवले आहेत का, तिचे किती फोटो आहेत, तिची जिवाभावाची मैत्रीण कोण होती, असे प्रश्न लिहून काढा. बालक अध्ययन अहवालात, म्हणजे दत्तक देताना संस्था मुलाविषयी जो अहवाल देते त्यात, तब्येत, वजन, स्वभाव यांच्या नोंदी असतात, पण असल्या गोष्टी सहसा कागदावर येत नाहीत. त्या सांभाळणाऱ्या बायकांच्या डोक्यात असतात. अशा संस्थांमधल्या बायकांच्या नोकऱ्या तुटपुंज्या पगाराच्या असतात आणि माणसे बदलत राहतात, त्यामुळे आणखी दोन-तीन वर्षांनी विचारले, तर कुणाला काही आठवेल याची खात्री नाही. संस्थेच्या परवानगीने तिला सांभाळणाऱ्या एखाद्या मावशीशी फोनवर बोलता आले, तर आधी तुम्ही एकट्याच बोला आणि मुलीला लगेच फोन देऊ नका. जी माहिती मिळेल ती एका वहीत लिहा, फोटो चिकटवा आणि ती वही तिच्या हाताला लागेल अशा जागी ठेवा. कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या वहीविषयी मुले भलतेच काहीतरी समजून बसतात.

ही माहिती मिळवताना एक मर्यादा पाळायची आहे. जन्मदात्यांचा किंवा आजीचा पत्ता काढण्याचा प्रयत्न स्वतः करू नका, ओळखीच्या कुणाकडून करवू नका आणि समाजमाध्यमांवर तर मुळीच करू नका. मुळांचा शोध घेण्याची रीतसर सोय नियमावलीत आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की ते स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी दत्तक पालकांसोबत संयुक्त अर्ज करता येतो, आणि त्रयस्थ माणसाला असा शोध घेण्याची परवानगी नाही. जन्मदात्यांचा खासगीपणाचा हक्कही त्यात राखलेला आहे. त्यांनी नकार दिला किंवा ते सापडले नाहीत, तरी मूल कोणत्या परिस्थितीत सोपवले गेले ती कारणे दत्तक व्यक्तीला सांगण्याची तरतूद आहे. तेव्हा हा शोध घ्यायचा की नाही, आणि कधी घ्यायचा, हे तुमच्या लेकीने मोठेपणी ठरवायचे आहे. तोवर बाल कल्याण समितीचा आदेश, दत्तक आदेश, तिच्या जुन्या नावाची कागदपत्रे आणि संस्थेचा पत्ता हे सारे एकत्र जपून ठेवणे, एवढे तुमचे काम.

आता तिच्या भागातल्या मोठ्या सणाविषयी, आणि हा भाग वाचताना तुमच्या सासूबाईंना शेजारी बसवून घ्या. पश्चिम ओडिशाचा मोठा सण म्हणजे नुआखाई. शेतातले पहिले नवे भात आधी ग्रामदेवतेला अर्पण करायचे, मग घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातून सगळ्यांनी ते प्रसाद म्हणून खायचे, मग धाकट्यांनी थोरांच्या पाया पडून 'नुआखाई जुहार' म्हणायचे, असा हा सण आहे. त्या दिवसासाठी कामाधंद्याला बाहेरगावी गेलेली माणसे आवर्जून घरी येतात. हा सण येतो भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी, आपल्या ऋषिपंचमीला! तुमच्याकडे गणपती दीड दिवसाचा असतो असे तुम्ही लिहिले आहे. मग ज्या दिवशी तुम्ही संध्याकाळी मासुंदा तलावाकडे निघता, त्याच दिवशी सकाळी तिच्या मुलखात घरोघर नव्या तांदळाची खीर शिजत असते. वेगळा कार्यक्रम, वेगळी सजावट, वेगळे पाहुणे यांपैकी कशाचीही गरज नाही. सकाळी नव्या तांदळाचा मूठभर भात किंवा थोडी खीर करावी, गणपतीपुढे ठेवावी, सासूबाईंनी आपल्या हाताने ती नातीला द्यावी आणि नातीने त्यांच्या पाया पडावे. ज्येष्ठांच्या हातून पहिला घास घेणे हाच त्या सणाचा गाभा आहे, आणि तो मान घरात सासूबाईंनाच मिळायचा आहे. नातीला आपल्यापासून तोडणारी म्हणून जी गोष्ट त्यांना भीतिदायक वाटते, तिच्यात मुख्य जागा त्यांचीच आहे, हे त्यांना एकदा दिसले की अर्धे काम होईल.

ठाण्यातल्या ठाण्यात आणखीही काही सापडेल. पावसाळ्यात येऊरकडच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बाजारात बसतात, तेव्हा त्यांच्या टोपलीत बांबूचे कोवळे कोंब असतात; पश्चिम ओडिशात हे कोंब फार आवडीने खाल्ले जातात आणि वाळवूनही ठेवले जातात. तिला सोबत न्या, पण 'हे ओळखतेस का?' असे विचारू नका. नुसते टोपलीसमोर थांबा. गणपतीआधी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, तेव्हा ती कान झाकते की नाचते याकडे लक्ष असू द्या, कारण ढोल आणि ताशा ही तिच्या मुलखातल्या लोकनृत्यांचीही वाद्ये आहेत. एखादे संबलपुरी कापड घरात असू द्या, मग ते साडी असो की पलंगावरची चादर. आधी सूत बांधून रंगवायचे आणि मग विणायचे, अशी ती कला असल्यामुळे तिची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, आणि मुलांना हे उलटसुलट करून पाहायला फार आवडते. तिच्या पाठ्यपुस्तकात हिराकुद धरण येईल, तेव्हा महानदीवरचे ते प्रचंड धरण संबलपूरजवळ आहे हे तिला घरी आधीच माहीत असू द्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण कालाहांडी-बलांगीर ही नावे आपल्याकडे वर्तमानपत्रांतून दुष्काळ, उपासमार आणि वीटभट्टीवरचे मजूर यांच्याच बातम्यांसोबत आली आहेत. त्या बातम्या खोट्या नव्हत्या आणि एक दिवस तिलाही त्या कळतील. त्या कळण्याआधी तिच्या मनात त्या मुलखाची दुसरी चित्रे भक्कम झालेली असावीत.

मात्र पदार्थ, सण आणि कापड यांच्यापेक्षाही माणसे जास्त महत्त्वाची आहेत. कोरियन युद्धानंतर, १९५० च्या दशकापासून, हजारो कोरियन मुले अमेरिकेत आणि युरोपात दत्तक गेली. सुरुवातीच्या पालकांनी, तुमचे यजमान म्हणतात तसेच, मागचे न उकरण्याचे धोरण ठेवले. नंतर चूक लक्षात आल्यावर उन्हाळी शिबिरे निघाली, त्यांत कोरियन पोशाख, पदार्थ, पंख्यांचे नाच असे सगळे होते. मोठी झाल्यावर त्या मुलांपैकी अनेकांनी सांगितले की वर्षातून एक आठवडा मिळणाऱ्या त्या पोशाखापेक्षा रोजच्या आयुष्यात आपल्यासारखी दिसणारी, बोलणारी मोठी माणसे त्यांना हवी होती. ठाणे-नवी मुंबईत ही अडचण यायला नको. ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातून देशभर प्लंबर जातात, तेव्हा घोडबंदरच्या टॉवरांतले नळ दुरुस्त करणारा माणूस ओडिया असण्याची शक्यता चांगलीच आहे. ऐरोली, महापे, खारघर या पट्ट्यात नोकरीनिमित्त आलेली ओडिया कुटुंबे आहेत. वाशी स्टेशनजवळ निरनिराळ्या राज्यांची भवने आहेत, त्यांत ओडिशा भवनही आहे. पश्चिम ओडिशातली मंडळी मोठ्या शहरांत नुआखाईनंतर 'नुआखाई भेटघाट' नावाचा मेळावा भरवतात, त्याची चौकशी करा. तुम्ही मिळवायचे ते एक कुटुंब, शक्यतो तिच्या वयाचे मूल असलेले आणि शक्यतो संबलपूर-बलांगीरकडचे, ज्यांच्याकडे महिन्या-दोन महिन्यांतून जाणे-येणे राहील. मैत्री आधी तुम्हा मोठ्यांची होऊ द्या. त्यांच्या घरात मुलीला 'बोल ना ओडियात' असा आग्रह होणार नाही, हे आधीच स्पष्ट करून ठेवा.

भाषेविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे वेळ खरोखरच हातून निसटते आहे. तीन ते आठ वर्षांच्या दरम्यान कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या आणि पुढे फक्त फ्रेंचमध्ये वाढलेल्या प्रौढांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांना कोरियन वाक्ये इतर परक्या भाषांतल्या वाक्यांपासून वेगळी ओळखता आली नाहीत. म्हणजे सातव्या-आठव्या वर्षापर्यंत बोललेली भाषाही वापर थांबला तर इतकी पुसली जाऊ शकते. दुसऱ्या बाजूला, चीनमधून तान्हेपणी कॅनडात आलेल्या आणि फ्रेंच बोलणाऱ्या मुलींचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात चिनी भाषेतले चढ-उताराचे सूर कानी पडताच त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद चिनी बोलणाऱ्या मुलींसारखाच दिसला, जरी त्यांना त्या भाषेचा एक शब्दही कळत नव्हता. यावरून मी असा व्यवहारी अर्थ काढते की भाषा पुरती नष्ट होत नाही, पण हातातून मात्र फार लवकर जाते. म्हणून घाबरून शिकवणी लावू नका, आणि 'मोठी झाल्यावर बघू' असेही म्हणू नका. घरात त्या बोलीचा आवाज पडत राहू द्या: स्वयंपाक करताना एखादे संबलपुरी लोकगीत हळू आवाजात, त्या मित्रकुटुंबाच्या घरी चाललेली बोलणी, आणि तुम्ही स्वतः शिकलेली पाच-पंचवीस वाक्ये. तुमचे उच्चार चुकतील, ती हसेल, कदाचित दुरुस्त करील. एखाद्या विषयात आईपेक्षा आपल्याला जास्त कळते, हा अनुभव तिला मिळायलाच हवा. ती आपणहून काही पुटपुटत असेल, बाहुलीशी, झोपेत, खेळताना, तर ते लिहून ठेवा. मराठी, हिंदी आणि इंग्रजीच्या जोडीला आणखी एक भाषा आली तर तिचा गोंधळ उडेल, ही भीती मात्र सोडून द्या. आपल्या सीमाभागातली कितीतरी मुले चार भाषांत सहज वावरतात.

तरीही तिने टीव्ही बंद केला, ही गोष्ट उरतेच, आणि ती बोलीच्या फरकाने पूर्ण उलगडत नाही. ज्या भाषेत तिची आजी बोलत होती, त्याच भाषेत तिने आजीला गमावले. शिवाय एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना आपल्याला कुणी विचारत नाही, हे ती दोनदा शिकली आहे. अशा मुलीला अचानक 'तुझ्या ओडिशाचे' काही दाखवू लागलो, तर तिच्या मनात पहिला प्रश्न येतो, की मला परत पाठवणार आहेत का? तो ती विचारणार नाही, टीव्ही बंद करील. तेव्हा दुसरे काहीही करण्याआधी तिला साध्या शब्दांत सांगा की हे घर तिचे आहे, ती इथेच राहणार आहे, आणि तिला तिकडचे काही आवडत असेल, आठवत असेल, आठवून रडू येत असेल, तरी त्याने यात काही बदलत नाही. हे एकदा सांगून भागणार नाही. सहज, कामे करता करता, पुन्हा पुन्हा सांगावे लागेल. तिने आजीचा विषय काढला तर हातातले काम ठेवून ऐका आणि लगेच सांत्वन करू नका. झोप उडणे, अंथरूण ओले करणे, शाळेत गप्प होणे असे काही दिसू लागले, तर बालमानसतज्ज्ञाकडे जायला कचरू नका. ठाण्यात आयपीएचसारखी (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) मानसिक आरोग्याची संस्था अनेक वर्षे हेच काम करत आहे.

तुमच्या यजमानांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. एकदा मुलगी आपली झाली की तिला वेगळे असल्याची आठवण सतत करून देऊ नये, हा त्यांचा मुद्दा मला रास्त वाटतो, आणि वर जे लिहिले ते सगळे त्या बेताने करायचे आहे. पण साडेसहा वर्षांच्या मुलीला मागचे आठवतेच. ते उकरावे लागत नाही. आपण न बोलल्याने ते नाहीसे होत नाही, फक्त ते बोलण्याजोगे नाही एवढे तिला कळते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, ज्यात भारत १९९२ मध्ये सामील झाला, मुलाला दुसऱ्या कुटुंबात वाढवताना त्याच्या संगोपनातले सातत्य आणि त्याची सांस्कृतिक, धार्मिक, भाषिक पार्श्वभूमी यांचा योग्य तो विचार व्हावा, असे म्हटले आहे. परदेशी गेलेल्या मुलांच्या बाबतीत आपल्याला हे पटकन पटते. देशातल्या देशात मूल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आले की मात्र आपण 'भारतीयच तर आहे' म्हणून गप्प बसतो. सासूबाईंच्या भीतीविषयी एवढेच सांगते की २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार दत्तक आदेशानंतर ती सर्वार्थाने तुमचीच मुलगी आहे, पोटच्या मुलाला असतात ते सगळे हक्क तिला आहेत, आणि पखाळ खाल्ल्याने किंवा जुहार म्हटल्याने त्यात तसूभरही फरक पडत नाही.

जात विचारणाऱ्या नातेवाइकांना 'ती आमची मुलगी आहे' एवढेच उत्तर द्या, आणि ते यजमानांनी द्यावे. तिच्यासमोर कुणी विचारले, तर तिच्यासमोरच द्यावे. याहून जास्त वेळ त्या प्रश्नावर घालवू नका.

नावाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण पत्रात दोन नावे दिसली म्हणून लिहिते. तुम्ही ठेवलेले नाव सुंदर आहे, आणि तिचे जुने नावही सुंदर आहे. ते तिला ज्या आजीने किंवा आईने दिले, तिच्याकडून तुमच्या मुलीजवळ राहिलेली कदाचित ती एकच गोष्ट असेल. घरात लाडाने त्या नावाने हाक मारलेली तिला आवडेल का, हे तिलाच विचारा. ती नको म्हणाली, तर ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि विषय तिच्यावर सोडा.

मे महिन्यातला प्रवास मात्र रद्द करा. बलांगीर-तितलागडचा भाग देशातल्या सर्वांत तापणाऱ्या भागांपैकी एक आहे आणि मे महिन्यात मोठ्या माणसांचेही तिथे हाल होतात, पण माझ्या नकाराचे खरे कारण ते नाही. इतक्या लवकर सामान बांधून त्याच दिशेने निघालेली गाडी तिला कोणत्या गावाला नेते आहे असे वाटेल, याचा विचार करा. आणखी दोन-तीन वर्षे जाऊ द्या. मधल्या काळात ठाण्याहून एखाद-दोन सहली करा, अलिबाग, नाशिक, कुठेही, म्हणजे आपण तिघे जातो आणि तिघे परत येतो हे तिच्या अंगवळणी पडेल. पुढे तिची इच्छा दिसली तर थंडीच्या दिवसांत जा, आणि पहिल्या खेपेला संस्थेत जाऊ नका. संबलपूरचे समलेश्वरीचे देऊळ, हिराकुद, विणकरांची गावे असे चार दिवस फिरून या. परतीची तिकिटे आधीच काढा आणि ती तिच्या हातात ठेवायला द्या.